शेजारी, वैरी आणि विशीतली मुलं: एकत्र कामातून विश्वास तयार होतो का?

गोदाकाठ

मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला एम.एस. करतोय. वसतिगृहात त्याच्या मजल्यावर आपली मुलं आहेत तशी लाहोर-कराचीकडचीही आहेत. स्वयंपाकघर सगळ्यांत एक. पहिल्या वर्षी गुण्यागोविंदानं चाललं होतं. अख्ख्या मजल्याला मिळून एकच मोठा कुकर, तो फैसलाबादच्या एका मुलाचा. आपल्या मुलांची डाळ आणि त्यांचा राजमा आळीपाळीने त्यातच शिजायचा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम झालं, मे महिन्यात दोन्ही देश लढले, आणि आपल्या मुलांनी वर्गणी काढून नवा कुकर आणला. भांडण कोणीच केलं नाही. जेवायच्या वेळा तेवढ्या बदलल्या.

आता त्यांच्या विभागातल्या एका प्राध्यापकांनी सुचवलंय की शहरांतल्या वाढत्या उष्म्यावर या मुलांनी मिळून एक अभ्यास करावा. पैशाची सोय ते करतील, अट एवढीच की गटात दोन्ही देशांची मुलं निम्मी निम्मी हवीत. मुलाने फोनवर विचारलं, "आई, करू का?" त्याचे बाबा ठाम नको म्हणतात. उद्या पुन्हा काही घडलं तर हे एकत्र फोटो याच्या गळ्यात पडतील, अशी त्यांना भीती आहे. मला मनापासून वाटतं की त्याने करावं. पण नुसत्या वाटण्यावर मुलाला कसं पाठवू?

म्हणून इथे विचारतेय. वैर असलेल्या शेजारी देशांतल्या मुलांना एकत्र आणून खरंच विश्वास निर्माण होतो का, की सगळं फोटोपुरतंच राहतं? कुठे टिकलं, कुठे विरलं? ऐकीव नको, पाहिलेलं किंवा नीट वाचलेलं सांगा.

बोरीबंदर

आधी दोन्ही कुकर एका शेगडीवर आणा, निम्मं काम तिथेच होईल :)
मुलाला शुभेच्छा. पुढचं वाचायला बसलोय.

ठाकुर्ली_पूर्व

ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण माझं मत तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

पहलगामला जे २६ जण मारले गेले त्यांत सहा महाराष्ट्रातले होते आणि त्या सहांतले तिघे आमच्या डोंबिवलीचे. भागशाळा मैदानावर त्या दिवशी जी गर्दी लोटली होती तिच्यात मी उभा होतो. शेजारच्या बाईंना रडता येत नव्हतं, नुसत्या थरथरत होत्या. त्याआधी २००८ मध्ये १६६ माणसं गेली. दर वेळी कोणीतरी सांगतं की तिकडची सामान्य माणसं चांगली आहेत. असतीलही. पण गोळी झाडायची की नाही हे तिकडचा विद्यार्थी ठरवत नाही. तो कितीही भला असला तरी त्याच्या भलेपणाने इथला एक माणूस वाचलेला मला दाखवा. मग या विश्वासाचा उपयोग काय?

राग नसावा.

ऱ्हाईनकाठ

राग अजिबात नाही, ठाकुर्ली. पण "उपयोग काय" या प्रश्नाला माझ्या दारातून एक उत्तर दिसतं, ते सांगते.

मी बरीच वर्षं जर्मनीतल्या केलमध्ये राहते. नदीपलीकडे फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग. २०१७ पासून तिथली ट्राम ऱ्हाईन ओलांडून आमच्याकडे येते आणि मी भाजीला कधी इकडे, कधी तिकडे जाते. १८७१ पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंतच्या पंचाहत्तर वर्षांत स्ट्रासबुर्गने चार वेळा देश बदलला. आमच्या इमारतीतल्या आजींचे वडील एका सैन्यात लढले आणि मामा दुसऱ्या. एका घरातले!

२२ जानेवारी १९६३ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी मैत्रीचा एलिझे करार केला. द गॉल पहिल्या महायुद्धात व्हर्दनला जखमी होऊन जर्मनांच्या कैदेत पडले होते. त्याच माणसाने १९६२ च्या सप्टेंबरात लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या अंगणात जर्मन तरुणांपुढे जर्मन भाषेत भाषण केलं. तुमच्या मुलाच्या श्टुटगार्टपासून ते गाव लोकलच्या अंतरावर आहे, गोदाकाठ. त्याला एकदा जाऊन यायला सांगा.

करारानंतर लगेच जुलै १९६३ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून एक युवा कार्यालय काढलं. दोघांचा पैसा समान. आजवर सुमारे एक कोटी तरुण त्यातून एकमेकांकडे जाऊन आले. माझी मुलगी त्यांतली एक, म्हणून आतलं सांगू शकते. मुलांना समोरासमोर बसवून "चला, आता मैत्री करा" असं कोणी म्हणत नाही. काम लावून देतात. भाषेच्या तासाला एक जर्मन आणि एक फ्रेंच अशी जोडी असते. अर्धा वेळ याने त्याला शिकवायचं, अर्धा वेळ त्याने याला. दोघंही आळीपाळीने अडाणी आणि दोघंही आळीपाळीने मास्तर! माझी मुलगी तिच्या जोडीदारणीच्या जर्मन उच्चारांना इतकी हसायची की शिक्षिका ओरडायच्या. मग पाळी बदलली की ती हिला हसायची.

शिवाय बऱ्याच भेटी तिसऱ्याच ठिकाणी ठेवतात. कोणाच्याच गावी नाही, म्हणजे कोणी यजमान नाही आणि कोणी पाहुणा नाही. आपल्या मुलांना जर्मनी हे तिसरं ठिकाण आयतंच मिळालंय.

बोरीबंदर

>>दोघंही आळीपाळीने अडाणी<<
लग्न झाल्यावर आमचंही असंच चालतं. फक्त मास्तरकीची पाळी माझ्याकडे अजून आलेली नाही.

ठाकुर्ली_पूर्व

ऱ्हाईनकाठ, प्रतिसाद आवडला, पण त्यातली एक मेख सुटतेय. १९६३ च्या आधी काय झालं होतं ते पाहा. जर्मनी हरला होता, त्याचे दोन तुकडे झाले होते, नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला खटले चालून शिक्षा झाल्या होत्या. पूर्वेला रशिया उभा असल्यामुळे दोघांना एकमेकांची गरज होती. म्हणजे हिशेब आधी चुकता झाला आणि मग मुलांच्या सहली निघाल्या. आमच्याकडे २६/११ चा कट रचणाऱ्यांचा हिशेब अजून बाकी आहे. बैलाच्या पुढे गाडी जोडून कसं चालेल?

स्वल्पविराम

ठाकुर्ली यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जर्मनीचा दाखला देणारे बहुतेक लोक तो टाळतात. मलाही वाटतं की सरकारांनी मनावर घेतलं नसतं तर एक कोटीचा आकडा झाला नसता.

तरीही क्रम इतका सरळ नव्हता. त्याच लुडविग्सबुर्गचं फ्रान्समधल्या माँबेल्यार गावाशी १९५० मध्येच नातं जुळलं होतं, एलिझे कराराच्या तेरा वर्षं आधी. माँबेल्यारचे तेव्हाचे महापौर ल्युसियाँ थारादाँ हे बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेले. ज्यांच्या देशाने आपल्याला तिथे टाकलं त्यांच्याच गावाशी नातं जोडायला हा माणूस पुढे झाला. आपला हिशेब चुकता झाला असं त्यांना वाटलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

आणि हिशेब बाकी असतानाचं आणखी जवळचं उदाहरण बाल्कनमध्ये आहे. १९९० च्या दशकात तिथे काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलंय. २०१६ मध्ये सहा जणांनी मिळून (सर्बिया, कोसोवो, बोस्निया, अल्बानिया, माँटेनेग्रो, मॅसिडोनिया) फ्रेंच-जर्मन कार्यालयाच्या धर्तीवर एक प्रादेशिक युवा सहकार्य कार्यालय काढलं. मुख्य कचेरी अल्बानियातल्या तिरानाला. सर्बिया कोसोवोला देश मानतच नाही, आजही नाही. तरी दोघांचे प्रतिनिधी एका नियामक मंडळावर बसतात आणि त्या मंडळात प्रत्येकाकडून सरकारचा एक आणि तरुणांचा एक असे सभासद असतात. शाळेची मुलं एकमेकांकडे जातात. सीमेचा वाद आहे तिथेच आहे, कोणीही आपला दावा सोडलेला नाही. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. वाद मिटवणं ही एकत्र कामाची पूर्वअट त्यांनी ठेवली नाही.

रानजाई

मी दिल्लीच्या साउथ एशियन युनिव्हर्सिटीत शिकले. सार्क देशांनी मिळून काढलेलं विद्यापीठ, २०१० ला सुरू झालं. आमच्या वेळी वर्ग चाणक्यपुरीत अकबर भवनात भरायचे. नेपाळ, बांगलादेश, अफगाणिस्तान, श्रीलंका, पाकिस्तान, सगळीकडची मुलं.

तिथे मला एक गोष्ट कळली. भारत-पाकिस्तान असे दोनच गट समोरासमोर असले की प्रत्येकाला आपापल्या देशाचा वकील व्हावंसं वाटतं. खोलीत एक नेपाळी आणि एक अफगाणी आली की तो खटला आपोआप बरखास्त होतो. आमच्या नेपाळी मैत्रिणीला आम्हा दोघींच्याही देशांबद्दल तक्रारी होत्या आणि त्या ऐकताना मी आणि कराचीची मुलगी एका बाकावर यायचो.

पाकिस्तानी मुलांच्या व्हिसाचं प्रकरण मात्र क्लेशदायक. आपल्याकडचा आणि त्यांच्याकडचा, दोन्ही व्हिसे साधारणपणे ठरावीक शहरांपुरते असायचे आणि पोलिसांकडे नोंद करावी लागायची. आम्ही सगळे आग्र्याला गेलो तेव्हा ती कराचीची मुलगी खोलीवर राहिली. परत येताना आम्ही पेठा आणला, तर म्हणाली, "ताजमहाल काय, तुमच्यामागे पळून जाणार आहे का? होईल कधीतरी." ती आता तिच्या गावी शिकवते. मे २०२५ मध्ये तिचा एक ओळीचा मेसेज आला होता, "घरचे बरे आहेत ना?" मीही तेवढंच विचारलं. यापलीकडे आम्ही दोघी काही करू शकत नव्हतो. पण त्या दिवसांत तिकडून काळजी करणारं एक माणूस आहे हे मला ठाऊक होतं आणि त्यामुळे मी काही गोष्टी फॉरवर्ड केल्या नाहीत.

गोदाकाठताई, गटात एखादी नेपाळी किंवा बांगलादेशी मुलगी घेता आली तर जरूर घ्या.

डहाणूचा_दर्या

तुम्ही सगळे विद्यापीठातल्या मुलांबद्दल बोलताय. आमच्या पालघर जिल्ह्यातली विशीतली पोरं कराचीच्या मलीर जेलात भेटतात एकमेकांना.

डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट ओखा-पोरबंदरहून सुटते. कच्छच्या सर क्रीक खाडीच्या पुढे समुद्रात रेघ कुठे आहे ते दोन्ही देशांचं अजून ठरलेलं नाही. मासळीमागे बोट जाते आणि तिकडचे धरतात. आपलेही त्यांचे खलाशी धरतात. बोट जाते, पगार बंद, घरी बायको-आई बसून. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. २००८ च्या कराराप्रमाणे. लढाई होवो न होवो, यादी जाते. त्या यादीत नाव आलं की घरच्यांना कळतं पोरगा जिवंत आहे.

आमच्या वाडीतला एक सुटून आला. तो सांगायचा, तिकडचा जेलातला एक सिंधी कैदी त्याची चिठ्ठी लिहून द्यायचा, कारण याला लिहिता येत नव्हतं. पुढे तो सिंधी सुटला का, याला माहीत नाही. अजून विचारतो कोणी शिकलेला भेटला की.

२००७ मध्ये दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती नेमली होती, ती तुरुंगांना भेटी द्यायची. त्यामुळे लवकर सुटका व्हायची. २०१३ नंतर ती थंडावली. विश्वास वाढवायचाच असेल तर कायद्याच्या पोरांनी दोन्ही बाजूंनी मिळून ह्या खलाशांच्या केसेस हातात घ्याव्या. त्याने माणूस घरी येतो. ठाकुर्लीसाहेब, तुम्ही विचारलंत एक माणूस वाचलेला दाखवा. असे दाखवता येतील.

ठाकुर्ली_पूर्व

डहाणू, हा मुद्दा पटला. याला मी नाही म्हणणार नाही.

माजघर

डहाणूंचा प्रतिसाद दोनदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं.

तळटीप

माझं काम याच विषयाच्या आसपासचं आहे, म्हणून थोडं संशोधनाबद्दल.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच म्हटलं होतं की नुसत्या भेटीने पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो असं दिसलं.

पण मला जास्त शिकवून गेला तो सलमा मूसा यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला इराकमधला प्रयोग. आयसिसने ख्रिश्चनांना घरांतून हाकललं होतं. परतलेल्या किंवा विस्थापित ख्रिश्चन मुलांच्या फुटबॉल संघांपैकी काहींत मुस्लिम खेळाडू घातले, काही संघ पूर्ण ख्रिश्चनच ठेवले. मिश्र संघांतली मुलं पुढच्या हंगामातही मिश्र संघात नाव द्यायला जास्त तयार होती. सहा महिन्यांनंतरही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत होती. पण मैदानाबाहेर? मुस्लिमबहुल मोसुल शहरातल्या हॉटेलात जेवायला जाणं, मिश्र कार्यक्रमाला जाणं, यात फारसा फरक पडला नाही. "माझ्या संघातला मुस्लिम चांगला" इथपर्यंत मन गेलं, "मोसुलही ठीक" इथपर्यंत नाही गेलं.

तेव्हा गोदाकाठ, "विश्वास निर्माण होतो का" याचं माझं उत्तर असं: त्या आठ-दहा मुलांत होतो, आणि काम एकत्र केलं तर टिकतोही. तो आपोआप देशभर पसरेल ही अपेक्षा त्या मुलांच्या डोक्यावर ठेवू नका. त्या ओझ्याखालीच असे उपक्रम मोडतात. फ्रान्स-जर्मनीत पसरला तो एक कोटी जणांना एकेक करून नेलं म्हणून.

भाला_आणि_तलवार

तळटीप यांच्या शेवटच्या परिच्छेदाला खेळातला दाखला.

नीरज चोप्रा आणि अर्शद नदीम. पॅरिसला २०२४ मध्ये अर्शदने ९२.९७ मीटर फेकून सुवर्ण घेतलं, नीरजला ८९.४५ वर रौप्य. नीरजच्या आईने तोही आमचाच मुलगा म्हटलं, अर्शदच्या आईने नीरजबद्दल तसंच म्हटलं. आम्ही घरात सगळे रडलो होतो. पुढच्या वर्षी नीरजने आपल्या स्पर्धेचं निमंत्रण सगळ्या मोठ्या भालाफेकपटूंना दिलं, त्यात अर्शद होता. एक-दोन दिवसांत पहलगाम झालं. लोकांनी नीरजला, त्याच्या आईला काय काय बोललं! त्याला देशप्रेमाचा खुलासा करावा लागला. पुढे त्यानेच सांगितलं की आमची तशी घट्ट मैत्री कधी नव्हतीच, आणि आता पूर्वीसारखं राहणार नाही.

दोन खेळाडू एकमेकांशी सभ्यपणे वागत होते, त्याला आपण दोन देशांची मैत्री करून टाकलं आणि मग ती मोडली म्हणून त्यालाच धरलं. माझा सल्ला: मुलाने काम करावं, पण त्याचा गाजावाजा करू नये. फोटो नको, "शांतिदूत" नको. उष्म्याचा अभ्यास हा उष्म्याचाच अभ्यास राहू दे.

गोदाकाठ

भाला, फोटोबद्दलचं तुमचं म्हणणं ह्यांना वाचून दाखवलं. पहिल्यांदाच "हं" असा आवाज आला :)
सगळ्यांचे आभार, लिहीत राहा. नेपाळी मुलीची कल्पना मुलाला कळवलीय.

ग्रंथालयाची_पायरी

थोडं अवांतर, पण आपल्या मराठी माणसाचं आहे म्हणून लिहितो.

कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आहे. १८५५ ची, सिंधमधली पहिली सरकारी शाळा. वैद्य हे मराठी गृहस्थ तिथे शिक्षण खात्यात अधिकारी होते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे आपली बरीच माणसं तिकडे नोकरीला जायची. फाळणी झाली, युद्धं झाली, शाळेचं नाव अजून तेच आहे. कराचीत आजही थोडी मराठी घरं आहेत आणि ती गणपती बसवतात.

बोरीबंदर

पायरी, हे मला अजिबात माहीत नव्हतं! वेगळा धागा काढा ना यावर. माझे पणजोबा कराची बंदरात कारकून होते असं आजी सांगायची.

ग्रंथालयाची_पायरी

काढतो. पणजोबांची काही कागदपत्रं असतील तर जपून ठेवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सातवी_ब_च_बाई

इतिहासाची शिक्षिका म्हणून एक भर घालते. तळटीप म्हणतात तसं काम एकत्र हवं. माझ्या मते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात टिकाऊ काम इतिहासाचं आहे.

फ्रान्स आणि जर्मनीने २००६ मध्ये वरच्या वर्गांसाठी इतिहासाचं एक सामाईक पाठ्यपुस्तक काढलं. दोन भाषा, मजकूर एकच. त्याची मागणी दोन्ही देशांच्या तरुणांनीच एका युवा संसदेत केली होती. करारापासून मोजलं तर तिथवर यायला चाळीस वर्षं लागली!

अमेरिकेतल्या मेन राज्यात 'सीड्स ऑफ पीस' नावाचं उन्हाळी शिबिर चालतं. १९९३ मध्ये इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन मुलांपासून सुरू झालं, २००१ पासून भारत-पाकिस्तानची मुलंही जायला लागली. इकडून मुंबईची, तिकडून लाहोरची. तिथे भेटलेल्या काही जणांनी पुढे मोठं झाल्यावर दोन्हीकडच्या शालेय पुस्तकांतले उतारे शेजारी शेजारी छापले. फाळणी, तीच घटना, डाव्या पानावर एक आणि उजव्या पानावर दुसरी. कोण खरं ते सांगितलं नाही. मी ते उतारे वर्गात वाचून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, यात तर गांधीजी दोन ओळीच आहेत." मग दुसरी म्हणाली, "आणि आपल्यात त्यांचे किती जण आहेत?" तास संपल्याची घंटा कोणालाच ऐकू आली नाही. सातवीची मुलं आहेत, त्यांना कोणी शांततेचं व्याख्यान दिलं नव्हतं.

एक सांगायलाच हवं. त्याच शिबिरात जाऊन आलेला सतरा वर्षांचा एक अरब मुलगा ऑक्टोबर २००० मध्ये इस्रायली पोलिसांच्या गोळीने गेला. अंगात शिबिराचाच सदरा होता. त्यामुळे "काही होणार नाही" असं मी कोणत्याही आईला सांगणार नाही.

दुबईकर_पाटील

इथे आखातात आमचं रोजचं आयुष्यच असं आहे. माझा साइट सुपरवायझर पेशावरचा, फोरमन केरळचा, मी सांगलीचा. काँक्रीट ओतायचं असतं तेव्हा कोण कुठला हे कोणी विचारत नाही. मे २०२५ मध्ये कंपनीत अलिखित नियम झाला: साइटवर बातम्या लावायच्या नाहीत. कामावर परिणाम शून्य. पण रूमवर गेल्यावर जो तो आपापल्या देशाचा चॅनेल लावून बसायचा, हेही खरं. तळटीप यांनी सांगितलेला इराकचा प्रयोग वाचून वाटलं, हे तर आमच्याच लेबर कॅम्पचं वर्णन.

स्वल्पविराम

पाटील, अगदी. म्हणून माझ्या मते बातम्यांच्या वादळातही चालू राहील असा धागा आधी विणून ठेवावा लागतो. दोन्ही सरकारांकडेही असे काही धागे आहेत, ते लोकांना ठाऊक नसतात. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, ती कारगिलनंतरही गेली आणि २६/११ नंतरही. टोळधाडीचं तर आणखी विशेष. १९६४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान यांचा टोळ नियंत्रण आयोग आहे. राजस्थान-सिंध सीमेवर मुनाबाव-खोखरापारला दोन्हीकडचे टोळ अधिकारी बसून कुठे अंडी सापडली, वारा कुठला, हे सांगायचे. टोळ व्हिसा मागत नाहीत. २०२० मध्ये मोठी धाड आली, पुलवामा-बालाकोट होऊन वर्षच झालं होतं, तरी ऑनलाइन बैठका झाल्या.

ती माणसं मित्र असतील नसतील. पण समोरचा आज जे सांगतोय ते खरं निघेल, एवढा भरवसा त्यांना एकमेकांचा होता. मुलांच्या गटात एवढा जरी तयार झाला तरी मी त्याला यश म्हणेन.

वऱ्हाडी_ठेचा

उष्म्याचा विषय निघाला आन् अकोल्याचा मानूस गप बसन?

ताई, विषय एकदम बरोबर निवडला पोट्ट्यांनी. अहमदाबादेत मे २०१० मध्ये लाट आली तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, त्यातून २०१३ मध्ये त्यांनी उष्मा कृती आराखडा केला. कराचीत जून २०१५ मध्ये बाराशेच्या वर मानसं गेली, रमजान चालू, लाईट गेलेली. मंग त्यांनीही २०१७ मध्ये आराखडा केला. सिंधमधलं जेकबाबाद आन् आमचं चंद्रपूर-अकोला, दोन्हीकडं मे महिन्यात जीव नकोसा. तिथल्या वीटभट्टीवरचा मजूर आन् इथला मजूर एकाच उन्हात मरते. दोघांचा घाम कोनी मोजला नाही अजून धड.

मोजायचं असन तर नुसतं तापमान नका मोजू. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं पन घ्या, हवेतला दमटपना त्यातून समजते. आन् दुपारी बारा ते चार कामावर कोन असते ते लिहून ठेवा.

ठाकुर्ली_पूर्व

चांगली चर्चा झाली, म्हणून माझं शेवटचं लिहितो. सरकारने कडक राहावं, खेळ-व्यापार बंद ठेवावा, हे मत कायम आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही. पण एका जर्मन विद्यापीठात बसून मुलं मजुरांच्या उन्हाचा अभ्यास करणार असतील तर त्याला माझा विरोध नाही. फक्त एक करा. गटात पहलगामचा विषय निघालाच नाही असं होऊ देऊ नका. आपल्या मुलाने तिथे नावं घेऊन सांगावं की आमच्या राज्यातली सहा माणसं गेली. तो ऐकून घेणारा असेल तर पुढचं काम होईल. ऐकून घेणारा नसेल तर विश्वास वगैरे बोलण्यात अर्थ नाही.

रानजाई

ठाकुर्ली, शंभर टक्के सहमत. आम्ही पहिलं सत्र हे विषय टाळण्यात घालवलं आणि त्यामुळे सगळे अवघडून होतो. पुढे एका रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर सगळं बोलणं झालं, आवाज चढले, दोघी-तिघी रडल्या. खरी दोस्ती त्यानंतरची. फक्त एवढंच की तिच्याकडेही काही नावं असतात. तीही ऐकायची तयारी हवी.

ठाकुर्ली_पूर्व

ऐकायला हवीत. मान्य.

गोदाकाठ

उशिरा येतेय. काल मुलाशी सविस्तर बोलणं झालं. हा धागा त्याने पूर्ण वाचलाय आणि त्याच्या बाबांनीही. ठरलं ते असं: तो करणार आहे. बाबांची अट, समाजमाध्यमांवर फोटो नाहीत, ती त्याने आनंदाने मानली. काठमांडूची एक मुलगी गटात येतेय आणि मोजमापाचं वेळापत्रक तिच्याकडे असेल. जेकबाबाद, अकोला आणि नेपाळगंज अशी तीन ठिकाणं धरलीत. माहिती दर आठवड्याला सगळ्यांनी एकाच तक्त्यात भरायची आणि एकाने भरलेली दुसऱ्या देशाच्या मुलाने तपासायची. ही कल्पना त्याला टोळवाल्यांच्या बैठकांवरून सुचली, स्वल्पविराम!

ठाकुर्ली, तुमचा निरोप त्याला जसाच्या तसा दिला. पहिल्या बैठकीत आधी तेच बोलायचं असं त्याने आणि फैसलाबादच्या मुलाने मिळून ठरवलंय. बोलणं सोपं जाणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. मला धाकधूक आहेच.

डहाणू, त्याच्या ओळखीची एक मुलगी तिथे आंतरराष्ट्रीय कायदा शिकते. खलाशांच्या केसेसबद्दल तिला तुमच्याशी बोलायचंय. नंबर व्यनित पाठवाल का?

आणि ठेचाभाऊ, अकोल्यात वीटभट्टीवर मोजमाप घ्यायला मेमध्ये दोन मुलं लागतील. तुमच्याकडच्या कॉलेजात कोणी मिळेल?

वऱ्हाडी_ठेचा

दोन काय, चार देतो. माही पुतनीच एमएससीला हाय. फक्त थर्मामीटर कोनतं घ्यायचं ते मार्चच्या आत सांगा, मेमध्ये आमच्याकडं पान्याचा माठबी मिळत नाही.

डहाणूचा_दर्या

नंबर पाठवला. संध्याकाळी सहानंतर करायला सांगा, आधी मी बंदरावर असतो.